जीपच्या मागच्या बाकावर बसणारी आपली मुले





सहलीचा मोसम जवळ आला की शाळेत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "यंदा कुठे?" आणि दुसरा, "गाडीत मागे बसायला मिळेल ना?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गशिक्षक देतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हालाच द्यायला हवे. ते जरा लांब आहे, म्हणून या अंकातील पाने त्यासाठी घेतली आहेत.

आधी एक गोष्ट कबूल करतो. पुष्कळ वर्षे आपल्या शाळेच्या सहली भाड्याच्या जीपगाड्यांतून गेल्या. मांडू, पाताळपाणी, महेश्वर, जानापाव ही ठिकाणे आम्ही याच गाड्यांतून मुलांना दाखवली. मागच्या दोन आडव्या बाकांवर समोरासमोर मुले बसायची, मधल्या जागेत दप्तरे आणि दाल-बाफल्याची पातेली ठेवायची, आणि आम्ही मोठ्या समाधानाने मोजायचो, "तेरा झाली, अजून एक बसेल." हे आम्हीच केले आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते दुसऱ्याला दोष देण्यासाठी नाही.

काही वर्षांपूर्वी जानापावहून परतताना मानपूरच्या पुढे रस्त्यात अचानक एक गाय आली. चालकाने जोरात ब्रेक दाबला. गाय वाचली, गाडीला ओरखडाही आला नाही. पण मागच्या बाकाच्या टोकाला बसलेला सहावीतला एक मुलगा बाकावरून घसरत पुढे गेला आणि पुढच्या सीटच्या लोखंडी नळीवर त्याची हनुवटी आपटली. पाच टाके पडले, पुढचा एक दात तुटला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील भेटायला आले. आम्ही दोन्ही हात जोडूनच उभे होतो. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "सर, गाडी कशाला धडकली?" आम्ही म्हणालो, "कशालाच नाही." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग धडकली असती तर?"

या प्रश्नाने आम्हाला अभ्यासाला बसवले. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे कायदा आधी हिंदीतून वाचला, मग जाणकार पालकांकडून समजून घेतला, आणि विज्ञानाच्या शिक्षकांसोबत थोडे गणित केले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

गाडी थांबते, मूल थांबत नाही

मुलांनो, नववीच्या पुस्तकातला न्यूटनचा पहिला नियम आठवा. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात बसलेले प्रत्येक मूल, प्रत्येक दप्तर आणि प्रत्येक पातेले याच वेगाने जात असते. ब्रेक गाडीच्या चाकांना लागतो, मुलाला लागत नाही. मुलाला थांबवायला काहीतरी लागतेच. ते काम पट्टा करील, नाहीतर समोरचे लोखंड करील. तिसरा मार्ग नाही.

आता हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. एवढा वेग वरून पडणाऱ्या वस्तूला सव्वासहा मीटर खाली आल्यावर मिळतो. म्हणजे ताशी ४० च्या वेगाने लोखंडावर आदळणे आणि दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली पडणे यांत वेगाच्या दृष्टीने फरक नाही. ताशी ५० किलोमीटरला ही उंची जवळजवळ दहा मीटर होते, म्हणजे तीन मजले. आपण मुलांना गच्चीच्या कठड्यावर बसू देत नाही, पण जीपच्या मागच्या फळीला टेकून बसू देतो. कारण कठड्यावरून खाली पाहिले की उंची दिसते, आणि वेग डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा हिशेब आई-आजींसाठी आहे, कारण "मी मांडीवर घट्ट धरते" असे प्रत्येक घरात म्हटले जाते. समजा गाडी ताशी ४० च्या वेगाने धडकली आणि एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. तेवढ्या वेळात दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे ११० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. गव्हाचे एक क्विंटलचे पोते एकदम अंगावर आले तर ते हातांत धरता येईल का? आईची माया कितीही मोठी असली तरी हे तिच्या हातांच्या शक्तीबाहेरचे आहे. वीस किलोच्या मुलासाठी हाच आकडा सव्वादोन क्विंटल होतो. आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचेही वजन पुढे बसलेल्या मुलावर येते. आणि एकच पट्टा आई आणि मांडीवरचे मूल या दोघांभोवती बांधला तर मूल पट्टा आणि आई यांच्यामध्ये चिरडले जाते. हा उपाय निरुपायापेक्षाही वाईट आहे.

आडव्या बाकाची अडचण

आता खास जीपबद्दल. तूफान, जुनी कमांडर, बोलेरो अशा गाड्यांच्या अनेक नमुन्यांत मागे दोन बाक असतात आणि त्यांवर बसणाऱ्याचे तोंड बाजूला असते. त्यांत चार गोष्टी बिघडतात.

पहिली, ब्रेक लागला की शरीर पुढे न झुकता बाजूला झुकते. पाठीचा कणा आणि मान पुढे-मागे वाकताना जेवढे सोसतात तेवढे बाजूला वाकताना सोसत नाहीत. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान बारीक असते. म्हणून त्याला धोका जास्त.

दुसरी, बाकावरील मुले एकापाठोपाठ एक घसरतात. बाक रेक्झिनचा आणि गुळगुळीत असतो. जोरात ब्रेक लागल्यावर एक-सव्वा मीटर घसरत गेलेले मूल पळत्या माणसाच्या वेगाने समोरच्या वस्तूवर आपटते. मागच्या तीन मुलांचा भार त्याच्याच अंगावर येतो. जानापावच्या रस्त्यावर नेमके हेच झाले होते. गाडीने काहीच चूक केली नाही, बाकाच्या रचनेने मुलाला पुढे नेले.

तिसरी, आडव्या बाकाला बहुतेक वेळा पट्टाच नसतो. कुठे कमरेचा पट्टा असला तरी तो बाजूला झुकणारे धड आणि डोके सांभाळू शकत नाही.

चौथी, मागची जागा म्हणजे गाडीची शेपटी. मागून ट्रकने धडक दिली तर मुलांचे गुडघे आणि ट्रक यांच्यामध्ये एक पातळ दरवाजा असतो. त्या दरवाजाची कडी झिजलेली असली तर धक्क्याने तो उघडतो आणि मूल बाहेर फेकले जाते.

यात जीपच्या उंचीची भर पडते. खराब रस्त्यासाठी बनवलेली गाडी जमिनीपासून उंच असते, म्हणून तिचा गुरुत्वमध्यही उंच असतो. वरच्या कॅरियरवर सामान चढवले, आत जास्त माणसे बसवली की तो आणखी वर जातो. मग वळणावर किंवा एकदम स्टिअरिंग फिरवल्यावर अशी गाडी मोटारीपेक्षा लवकर उलटते. उलटणाऱ्या गाडीत पट्टा लावलेला माणूस आपल्या जागी राहतो. न लावलेला माणूस आतल्या आत आपटत राहतो किंवा बाहेर पडतो आणि कधी कधी गाडी त्याच्यावरच येते. म्हणून "आमची गाडी दणकट आहे" या बोलण्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. गाडी दणकट असेल, पण आत सुटे बसलेले मूल दणकट नाही.

मागे बसलेला सुरक्षित, हा समज

आपल्याकडे पुष्कळांना वाटते की पट्टा पुढच्या दोघांसाठी असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी आणि उत्तम होती. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले आणि त्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. त्या वेळी देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. चर्चा थांबली, सवय मात्र बदलली नाही.

आपल्या इंदूरने तर याहून जवळचे दुःख पाहिले आहे. ५ जानेवारी २०१८ रोजी बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली. त्यात लहान मुले आणि बसचा चालक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक शाळेत संध्याकाळपर्यंत फोन वाजत होते. जे पालक त्या वेळी आपल्या शाळेत होते त्यांना ती संध्याकाळ आठवत असेल. मोठी बस असली तरी वेग आणि निष्काळजीपणा यांपुढे ती अपुरी पडते, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून "जीप वाईट, बस चांगली" एवढा सोपा निष्कर्ष आम्ही काढत नाही. गाडी कोणतीही असो, प्रत्येक मुलाला स्वतःची जागा, स्वतःचा पट्टा आणि सांभाळून चालवणारा चालक हवा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पालकांनी आणि विश्वस्तांनी त्यातील पुढील गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

कलम १९४-ब : चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा मुलांसाठीचे खास आसन यांनी न बांधता गाडी चालवणाऱ्यास, तसेच तशी गाडी चालवू देणाऱ्यास, एक हजार रुपये दंड आहे. "चालवू देणाऱ्यास" हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यात गाडीचा मालक येतो, आणि आमच्या समजुतीप्रमाणे गाडी ठरवणारी शाळाही येते. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते, पण गुन्हा सगळीकडे तोच.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ : ज्या गाडीत पट्टे दिलेले आहेत तिथे चालक, पुढे बसलेला माणूस आणि मागच्या, पुढे तोंड असलेल्या आसनांवरील माणसे यांनी गाडी चालू असताना पट्टे लावलेच पाहिजेत. येथे "पुढे तोंड असलेल्या" असे शब्द आहेत. काही वाहनमालक त्यातून अर्थ काढतात की आडव्या बाकाला नियम लागू नाही, म्हणून तिथे कितीही मुले बसवा. पण कलम १९४-ब मध्ये मुलांबाबत बोलताना आसनाचे तोंड कुठे आहे याची सूट दिलेली नाही. पट्टा नसलेल्या बाकावर मूल बसवले की ते मूल बांधलेले नाही, एवढे सरळ आहे.

कलम १२३ : गाडीच्या पायरीवर, टपावर, बॉनेटवर किंवा गाडीच्या बाहेर कुठेही कोणाला बसवून वा लटकवून नेता येत नाही. मागच्या पायरीवर उभे राहून शिडी धरणारी मोठी मुले आपण रोज बघतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे.

कलम १९४-अ : प्रवासी वाहनात नोंदणीपत्रात किंवा परवान्यात लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे बसवली तर प्रत्येक जादा माणसामागे दोनशे रुपये दंड आहे. शिवाय जादा माणसे उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही. सहलीच्या दिवशी घाटात हे घडले तर काय होईल याचा विचार करावा.

कलम ६६ आणि १९२-अ : परवान्याशिवाय भाड्याने माणसे नेता येत नाहीत. पांढऱ्या पाटीची खाजगी जीप दरमहा पैसे घेऊन मुले आणत असेल तर ती या कलमाखाली येते. दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. पैशापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. खाजगी वापराच्या विम्यात भाड्याची वाहतूक धरलेली नसते. अपघात झाला तर भरपाईसाठी मुलाच्या आईवडिलांना वर्षानुवर्षे न्यायालयात जावे लागते. मालवाहू पिकअपच्या हौद्यात मुले नेणे तर याहून वाईट. ती गाडी कायद्याच्या व्याख्येप्रमाणेच फक्त मालासाठी असते.

कलम ५२ : नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. मागे लोहाराकडून जादा बाक बसवून घेणे म्हणजे असाच बदल. काही पालक म्हणतात, "मग आम्ही त्याच बाकाला पट्टे बसवून घेतो." पत्र्याला भोक पाडून लावलेला पट्टा धक्क्याच्या वेळी पत्र्यासकट निघून येतो. पट्ट्याची जागा कारखान्यातच मजबूत करून दिलेली असते. पट्टे तिथेच असायला हवेत.

कलम १९९-अ : अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक जबाबदार धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शेतावरची जीप मुलगा चालवतो आणि मागे धाकटी भावंडे बसतात, हे दृश्य आपल्या भागात नवे नाही. म्हणून हे कलमही येथे लिहिले.

कोणत्या मुलाला काय हवे

मोठ्या माणसाचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. तो लहान मुलाच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो आणि धक्क्याच्या वेळी तिथेच रुततो. म्हणून वयाप्रमाणे नव्हे, तर मापाप्रमाणे सोय करावी लागते.

तान्ह्या बाळासाठी मागे तोंड करून बसवायचे खास आसन असते. धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो आणि मानेवर ताण येत नाही. हे आसन मागच्या सीटवर लावावे. पुढच्या सीटवर, जिथे एअरबॅग चालू आहे, तिथे ते कधीही लावू नये. फुगणारी पिशवी त्या आसनालाच जोरात ढकलते.

त्यानंतर पुढे तोंड असलेले, स्वतःचे पट्टे असलेले आसन. मूल आसनाच्या मापापेक्षा मोठे झाले की बूस्टर, म्हणजे बसण्याची उंची वाढवणारे आसन. बूस्टरवर बसल्यावर गाडीचा नेहमीचा पट्टा योग्य जागी येतो. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर लागतो. म्हणजे आपल्या पाचवीतल्या अनेक मुलांनाही तो लागेल. आसन घेताना भारतीय मानक एआयएस-०७२ किंवा युरोपीय आर-४४ वा आर-१२९ यांचा उल्लेख त्यावर आहे का ते पाहावे. अनेक नव्या गाड्यांत आसन अडकवण्यासाठी आयसोफिक्स नावाचे लोखंडी आकडे मागच्या सीटच्या फटीत दिलेले असतात. गाडीच्या पुस्तिकेत त्यांचे चित्र असते.

पट्टा बरोबर बसला की नाही हे घरी असे तपासा. मुलाची पाठ सीटला टेकलेली हवी. गुडघे सीटच्या कडेशी सहज वाकले पाहिजेत. खालचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर हवा. वरचा पट्टा छातीच्या मधून आणि खांद्याच्या मधोमध जायला हवा. तो गळ्याला घासतो म्हणून मुले तो काखेखालून घेतात. असे केले की धक्का बरगड्यांवर येतो. आणि एका पट्ट्यात दोन मुले कधीही नकोत.

नवी गाडी घेणाऱ्या पालकांना एक विनंती. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप ही गाड्यांच्या धडकेची चाचणी सुरू झाली आहे. तिच्यात मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळे तारे दिले जातात. खराब रस्त्याच्या गाड्याही सुधारू शकतात हे २०२० मध्ये दिसले. त्या वर्षीच्या नव्या थार गाडीला, मागे पुढे-तोंडाची आसने असलेल्या रूपात, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. म्हणजे दोष जीप या जातीत नाही. कारखान्याने आसन कसे दिले आणि आपण मुलाला कसे बसवले, यावर सारे आहे. दुकानात रंग आणि गाण्यांची यंत्रणा पाहण्याआधी मागच्या प्रत्येक आसनाला तीन टोकांचा पट्टा आहे का, हे एकदा हाताने ओढून पाहावे.

सुटे सामान आणि सहलीतली इतर पथ्ये

न बांधलेले सामान हाही एक प्रवासीच आहे. पाच किलोचा कुकर धक्क्याच्या वेळी अर्ध्या क्विंटलसारखा येतो. म्हणून स्वयंपाकाचे सामान, गॅसची टाकी आणि मुले एका डब्यात नकोत.

कान्हा किंवा पेंचच्या जंगलात उघड्या जिप्सीतून फिरणे वेगळे. तिथे गाडी हळू चालते आणि सोबत मार्गदर्शक असतो. तिथेही मुलांनी उभे राहू नये. पण तीच उघडी गाडी हमरस्त्यावर मुले घेऊन ताशी साठच्या वेगाने नेणे हे जंगलातल्या वाघापेक्षा धोक्याचे आहे.

शाळेच्या फाटकाजवळ आणखी एक धोका असतो, तो मागे येणाऱ्या गाडीचा. उंच जीपच्या अगदी मागे उभे असलेले पहिली-दुसरीतले मूल चालकाला आरशात दिसत नाही. म्हणून फाटकाजवळ कोणतीही गाडी मागे घ्यायची नाही. गाडीने वळसा घालून यायचे आणि मुलांनी डाव्या बाजूनेच उतरायचे.

खरी अडचण

इतके वाचून कोणी म्हणेल की मग उद्यापासून जीप बंद करा. मागच्या पालक सभेत आम्हीही तसेच बोलायला उभे राहिलो होतो. तेव्हा बायपासच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीची आई उठली. ती म्हणाली, "सर, जीप बंद झाली तर माझी मुलगी सुरक्षित राहील, पण घरी राहील." सभेत कोणाजवळ लगेच उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. गरीब घरातले मूल जीपमध्ये मागे बसते ते हौसेने नाही. त्या मागच्या बाकामुळे महिन्याचे भाडे परवडते. मराठी शाळेत मूल पाठवण्यासाठी जे पालक एवढ्या लांबून धडपडतात, त्यांच्यावर फक्त नियम टाकून आम्ही मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून जीपचालक, पालक आणि शिक्षक एकत्र बसले. चालकांनी सांगितले की गाडी कमी भरली तर डिझेल निघत नाही. मग प्रश्न असा मांडला की एकाच फेरीत चौदा मुले आणण्याऐवजी सात-सात मुलांच्या दोन फेऱ्या झाल्या तर? अडचण वेळेची होती. पहिल्या फेरीची मुले शाळा उघडण्याआधी पोहोचली असती. ती अडचण शाळेने आपल्याकडे घेतली. आता शाळेचे फाटक अर्धा तास आधी उघडते आणि वाचनालयात एक शिक्षक बसतात. संध्याकाळी दुसऱ्या फेरीची मुले मैदानावर खेळतात. डिझेलचा वाढलेला खर्च तीन वाट्यांत विभागला : एक पालकांचा, एक चालकाने सोडलेला आणि एक शाळेचा. दोन मार्गांवर हे सुरू झाले आहे. त्या मार्गांवर मागचा आडवा बाक रिकामा असतो, त्यावर दप्तरे बांधून ठेवलेली असतात. बाकी मार्गांवर अजून व्हायचे आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

सहलीसाठी ठरवलेले नियम

यंदापासून शाळेच्या प्रत्येक सहलीला पुढील नियम राहतील.

१. पुढे तोंड असलेले आसन आणि चालू स्थितीतला पट्टा जितके, तितकीच मुले. "अजून एक बसेल" हे वाक्य आम्ही शाळेच्या शब्दकोशातून काढून टाकले आहे.

२. गाडी पिवळ्या पाटीची असेल. परवाना, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती निघण्याच्या दोन दिवस आधी कार्यालयात पाहिल्या जातील.

३. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिल्लीतील शाळांच्या बसबाबत दिलेल्या निर्देशांत चालकाला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा असे म्हटले होते. तीच कसोटी आम्ही सर्व भाड्याच्या गाड्यांना लावू.

४. गाडी सुरू होण्याआधी सोबतचे शिक्षक प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहतील. शिक्षकांनी "चला" म्हटल्याशिवाय चालक गाडी हलवणार नाही. प्रत्येक थांब्यानंतर हेच पुन्हा होईल.

५. सामान वेगळ्या गाडीत किंवा दोरीने बांधून. टपावर काहीही नाही.

६. परतीचा प्रवास अंधार पडण्यापूर्वी पूर्ण होईल. प्रत्येक गाडीत प्रथमोपचार पेटी असेल आणि १०८ व ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत चिकटवलेले असतील.

या नियमांमुळे सहलीचा खर्च वाढणार हे उघड आहे. चार जीपांत बसणारी मुले आता दोन मिनी बसमधून जातील. म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे की वाढीव रक्कम मुलांच्या वर्गणीवर न टाकता त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी. वार्षिकोत्सवाच्या मंडपात एक कमान कमी लावली तरी चालेल. पैशासाठी एकही मूल घरी राहू नये आणि पैशासाठी एकही मूल मागच्या बाकावर बसू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक काम आहे. आज घरी जाऊन गाडीतल्या मागच्या सीटचे पट्टे शोधा. पुष्कळ घरांत ते सीटच्या खाली, कव्हरच्या मागे दडलेले सापडतील. ते बाहेर काढा, पुसा, आणि पुढच्या वेळी गाडीत बसलात की आधी स्वतः लावा, मग आजीला लावून द्या. बाबा "जवळच तर जायचंय" म्हणाले तर त्यांना ताशी ४० किलोमीटर आणि दुसऱ्या मजल्याचा हिशेब करून दाखवा. गणित तुम्हाला येते.

हनुवटीवर टाके पडलेला तो मुलगा आता महाविद्यालयात आहे. मागच्या महिन्यात तो दाखला घ्यायला शाळेत आला होता. सुटीची वेळ होती. फाटकाशी जीप उभी होती आणि सात मुले पुढच्या बाजूला तोंड करून पट्टे लावून बसली होती. त्याने आत डोकावून बघितले आणि आम्हाला म्हणाला, "सर, मागे कोणी नाही?" आम्ही म्हणालो, "नाही. ते दुसऱ्या फेरीत येतील."

आपला स्नेहांकित,
प्राचार्य